दोन खोक्यांचा प्रीॲम्प आणि माझे तिखट कान

११ जून २००६, रविवार. दुपार.

शी! निशीने आज घरात आणखी एक खोकं आणलं. एक नाही, दोन. म्हणे दोन्ही मिळून एकच यंत्र. प्रीॲम्प. मी विचारलं, हे गातं का? नाही. आवाज मोठा करतं का? तेही नाही, ते खालच्या दांडग्या खोक्याचं काम. मग हे मेलं करतं काय? तर निशी म्हणतो, आई, सीडीतून आवाज निघतो ना, त्याला हे सावरतं, नीट करतं आणि पुढे पाठवतं.

म्हणजे दारावरचा शिपाई. एका शिपायाला दोन खोल्या, अकरा बटणं आणि पोटात पेटणारे चार काचेचे दिवे. आधीचा शिपाई काय वाईट होता? निशीचा मित्र पद्माकर, त्याने हाताने बनवून दिलेला. मिठाच्या डब्याएवढा. एक गोल बटण. उजवीकडे पिळलं की मोठा, डावीकडे पिळलं की लहान. संपलं.

किंमत विचारली तर निशी कुंडीला पाणी घालायला गेला. सुलेखा, माझी सून, म्हणाली, आई, तेवढ्या पैशात तुमची चारधाम यात्रा दोनदा झाली असती, तीही विमानाने. बँकेत जोखीम मोजायच्या हुद्द्यावर आहे माझा मुलगा. जगाची मोजतो.

दुकानदाराने यंत्र घरी ऐकून बघायला दिलंय. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत. मी ठरवलं: श्रावण लागायच्या आत हे घराबाहेर.

ही रोजनिशी माझी मलाच. मला अक्षर येत नाही, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या संजीवनीबाई लिहून घेतात. पुण्यात शाळेत शिकवत होत्या. दुपारी आमच्या पासिर रिसच्या इमारतीखाली जी मोकळी जागा आहे, इथे सिंगापुरात तिला व्हॉइड डेक म्हणतात, तिथे कोपऱ्यातल्या बाकावर बसतो. कुणाला वाचून दाखवणार नाही, अशी गणपतीची शपथ घातलीय त्यांना. खाजगी म्हणजे खाजगी.

१४ जून, बुधवार

संजीवनीबाई म्हणाल्या, जरा हळू सांगा. मी हळूच सांगते. त्यांना मोठ्याने ऐकायची सवय, शाळेची.

माझं सगळं शिक्षण कानावाटे. झिम्मा, पिंगा, लाट्या, फेरातली गाणी, नावं घ्यायची ती. कागदावर कुठे नाहीत, माझ्यात आहेत. मंडळाच्या मंगळागौरीला इथे आल्यापासून मीच पुढे उभी राहून म्हणते. पहिली ओळ माझी, बाकीच्या मागून. ह्या वर्षी पंधरा ऑगस्टला, सेरंगूनच्या हॉलमध्ये.

आज सुलेखा अगदी सहज काढल्यासारखं काढते: आई, ह्या वर्षी प्रणितालाही पुढे घ्या, तुम्हाला मदत होईल. प्रणिता म्हणजे नुकतं लग्न होऊन पुण्याहून आलेली. नवरा कॉम्प्युटरवाला. पोरगी कागद हातात धरून झिम्मा म्हणते! अहो, कागद धरला तर टाळी कुठल्या हाताने वाजवायची?

मदत! माझ्या त्या जागेवर मी कुणाला उभं करणार नाही. लिहून ठेवा. ठळक लिहा.

१८ जून, रविवार

पद्माकर आला तोआ पायोहहून, यंत्र बघायला. आल्या आल्या हसला. मग तीन तास दोघांची जुंपली.

पद्माकरचं म्हणणं, प्रीॲम्पचं काम एकच, आवाजाच्या वाटेत येऊ नये. वाटेत जितके नाके उभे कराल तितका आवाज दमून पोचतो. निशीचं म्हणणं, अरे, पण ह्यात खोली आहे! बाई दोन पावलं पुढे उभी आहे, तबला मागे डावीकडे, दिसत नाही का तुला? मी बघितलं. पुढे टीपॉय होता. मागे डावीकडे इस्त्रीचे कपडे.

पद्माकर म्हणाला, मावशी, तेवढ्या पैशात ह्याने त्या बाईलाच घरी बोलावलं असतं, तबल्यासकट. मला तो मुलगा आवडतो. पण साबुदाण्याची खिचडी दोघांनी अशी खाल्ली, जशी औषधाची गोळी गिळावी. चांगली झालीय म्हणून एक शब्द नाही. किळस येते मला अशा भुकेची.

एक मात्र आहे. इथे येऊन सगळे पुटपुटायला लागलेत. एसीने घसे बसतात. सरकारचं मात्र कौतुक करावं. आम्ही आलो तेव्हा विमानं डोक्यावरून जाताना मांडणीवरची भांडी वाजायची. आता कशी अलगद जातात. सुधारणा केलेली दिसते. सुलेखाला हे बोलून दाखवलं तर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सरकारचं चांगलं बोललेलं खपत नाही.

२३ जून, शुक्रवार

दही लागेना. निशीच्या यंत्राला दमट हवा सोसत नाही, म्हणून हॉलचा एसी दिवसभर चालू. सिंगापुरासारख्या गावात, जिथे भिंतसुद्धा घामेजते, तिथे माझं विरजण थंडीने आखडून बसलं.

आणि यंत्राला हात लावून बघितला तर वरून कसं ऊबदार, कोंबडीच्या पोटासारखं. त्या काचेच्या दिव्यांची ऊब. विरजणाचं पातेलं वर ठेवलं, फडकं घातलं. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीने वड्या पाडाव्यात.

एकदाच. ह्या यंत्राचे उपकार मला नकोत.

२४ जून, शनिवार

आज परत ठेवलं होतं. दूध उरलं होतं म्हणून.

निशी सकाळी आपल्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकत होता. एकदम ताठ झाला. सुलेखाला हाक मारली. म्हणे, उघडलं! यंत्र उघडलं! दुकानदार म्हणाला होताच, तापायला दिवस जातात. खर्ज कसा पाय रोवून उभा राहिलाय बघ. डोळ्यांत पाणी त्याच्या, खरंच.

मला कढी करायची होती. मी गेले, पातेलं उचललं आणि आत आले. मागून निशीचा जीव गेल्यासारखा आवाज: गेलं, सगळं पातळ झालं!

मी पातेलं दाखवलं. वाटलं, आता डोळे उघडतील. चिडेल, निदान लाजेल. तर शी शी, त्याने विचारलं, आई, पातेल्याचं दह्यासकट वजन किती?

१ जुलै, शनिवार

निशीने त्याच दुकानातून काळा दगड आणला. गुळगुळीत, खाली पितळेची चकती. यंत्राच्या डोक्यावर ठेवायला. म्हणे, यंत्र आतल्या आत थरथरतं, त्याला दाबून धरतो. मी म्हटलं, मग वरवंटा ठेव की, घरचाच आहे. म्हणाला, आई, वरवंट्याला शास्त्र नाही.

दगडाखाली दही लागत नाही. उबग आलाय.

५ जुलै, बुधवार

तालमीला सुरुवात. आमच्याच घरी. काय त्या मुली! माझी ओळ संपायच्या आत उचलतात, नाहीतर संपली तरी उभ्या. तोंडं हलवतात, आवाज नाही. आमच्या वेळी बायका झिम्मा म्हणायच्या तर चार घरं पलीकडचं पोर जागं व्हायचं. आणि ती प्रणिता स्वतःचाच एक वेगळा सूर धरून बसते. मी थांबवलं, सगळ्यांसमोर सुनावलं. मान खाली घातली तिने. घालायलाच हवी.

सुलेखाने मध्येच सुचवलं, आई, एकदा कान दाखवून घेऊ का? म्हटलं, त्या मुलींचे घसे दाखव आधी.

कादंबरी, माझी नात, दारातून गेली. आजी, सो लाउड लाह, म्हणाली. शाळेत काय शिकवतात कोण जाणे, प्रत्येक वाक्याला ते लाहचं शेपूट.

सुलेखाच्या आमटीत हल्ली चिंच फार. हे तिला बोलणार नाही. सासूने बोलू नये, लिहून ठेवावं.

१२ जुलै, बुधवार

दोन्ही पुरुषांचं शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं. माझ्यावर. यंत्राची परीक्षा घ्यायची, न बघता. आड चादर बांधायची, मागे कुठलं यंत्र वाजतंय ते कुणाला कळू द्यायचं नाही, आणि निकाल आईने द्यायचा. आईचे कान तिखट, असं निशी स्वतः म्हणाला. पद्माकर म्हणाला, मावशी सांगेल ते मान्य. मी साधं यंत्र निवडलं तर दोन खोकी परत जाणार. शब्द दिलाय निशीने.

सुलेखा गॅस बंद करून बाहेर आली. मग म्हणाली, नको ना आईंना मध्ये घालायला. बघा! सासूचा मान झाला की हिला टोचतं.

१६ जुलै, रविवार. संध्याकाळ.

परीक्षा झाली. लिहू नये असं वाटत होतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

मला मधल्या खुर्चीत बसवलं. बाजूला निशी, सुलेखा, कादंबरी. संजीवनीबाईंनाही बोलावलं होतं, साक्षीला. चादरीमागे पद्माकर, तारा बदलायला.

पहिलं लागलं. मी तज्ज्ञासारखं इकडेतिकडे बघितलं. निशीचे डोळे मिटलेले, गुडघ्यावर ताल. चादरीखाली दिव्यांचा तांबूस उजेड त्याला दिसला असणार. मी सांगितलं, आवाज जड आहे, शालू नेसवून उभा केल्यासारखा. हे महागडं.

दुसरं लागलं. निशीचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं. मी सांगितलं, हा आवाज सुती लुगड्यातला, मोकळा. हे साधं.

दोन्ही बरोबर! पद्माकरने चादरीमागून टाळ्या वाजवल्या. निशी म्हणाला, आई, तू थोर आहेस. ह्यात लबाडी काय? परीक्षकाने सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं.

मग पद्माकर म्हणाला, आता तिसरी, निकालाची. सगळ्यांनी डोळे मिटा, मावशी, तुम्हीसुद्धा. मिटले. शांत. मग फार हलकी आलापी सुरू झाली. असावी. मी मान डोलावली. एका जागी वाहवा दिली. बराच वेळ ऐकलं. डोळे उघडले आणि निकाल सांगितला: हे तिसरं सर्वांत उत्तम. खरखर नाही, दिखावा नाही, कानाला कसला म्हणून त्रास नाही. हेच ठेवा.

निशी उठून कुंडीला पाणी घालायला गेला.

कादंबरी म्हणाली, आजी, काहीच वाजत नव्हतं लाह.

पद्माकर चादरीमागून आला. त्याने म्हणे दिवे विझवून परत लावले होते आणि ते तापायची सगळे वाट बघत होते.

१७ जुलै, सोमवार

रात्रभर विचार केला. मी आठवणीतलं ऐकत होते. जुन्या माणसांना यंत्राशिवाय ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर निकाल चुकलेला नाही. बंद यंत्र सर्वांत उत्तम हे मी जूनपासून म्हणतेय.

निशी ऑफिसला जाताना पाया पडला. उगाच. सण नाही, वार नाही.

२२ जुलै, शनिवार

कानाच्या क्लिनिकमध्ये नेलं. मी गेले, कारण सारखं सारखं नको म्हणणं बरं दिसत नाही.

चिनी मुलगी, फार गोड. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. मी बघितलं, ती आवाज सोडते तेव्हा तिचा डावा खांदा हलतो. खांदा हलला की मी दाबत होते. छान चाललं होतं. मग तिने हसत हसत माझी खुर्ची भिंतीकडे वळवली.

भिंतीला खांदा नसतो.

कागदावर एक रेघ आली, घाटातून गाडी खाली यावी तशी. निशीने सांगितलं, आई, बारीक आणि उंच आवाज दोन्ही कानांतून गेलेत. गेले म्हणजे कुठे गेले, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

घरी येताना टॅक्सीत कुणी बोललं नाही. किंवा बोललं.

मला एकच विचारायचं होतं, ते विचारलं नाही. ज्याला अक्षर येतं त्याचे कान गेले तर तो वाचतो. मी काय करायचं?

हे खोडा, संजीवनीबाई. खोडलं ना?

२९ जुलै, शनिवार

कानाचं यंत्र बघायला गेलो. पद्माकरही आला, न बोलावता. समोर दोन ठेवली. एक साधं, एक चाक, फिरवलं की मोठा. दुसरं महागडं, आवाजाचे सोळा वाटे करणारं, घरात वेगळं, गर्दीत वेगळं, सोबत रिमोट.

आणि पुन्हा जुंपली! शब्द न् शब्द तेच. पद्माकर म्हणतो, वाटेत कमी नाके हवेत. निशी म्हणतो, अरे, पण खोली? माझ्या कानात खोली! दोन बाप्ये माझ्या दोन बाजूंना उभे राहून माझ्या डोक्यावरून ओरडतायत आणि मी मधे, टीपॉयसारखी. इतका वीट आला. ती मुलगी विचारत होती, हे दोघे तुमचे मुलगे का? म्हटलं, गिऱ्हाईकं आहेत.

माझं मत ठरलेलं होतं. साधं ते बरं. दोन महिने तेच सांगतेय. तेवढ्यात सुलेखा म्हणाली, आईंना साधंच आवडतं, साधंच घेऊ.

मी महागडं घेतलं.

कान म्हणजे काही हॉलमधलं खेळणं नव्हे. शिवाय सुनेने सासूसाठी साधं पुरे म्हटलं की सासूने जरा थांबून विचार करायचा असतो.

३० जुलै, रविवार

विजय! दोन खोकी परत गेली. निशीने स्वतः लिफ्टने खाली नेली, दगडासकट. पद्माकरचा मिठाचा डबा परत जागेवर. श्रावण लागायच्या आत म्हटलं होतं, लागून चार दिवस झाले. ठीक आहे.

माझ्या धाकापुढे टिकलं नाही यंत्र. संजीवनीबाई काहीतरी म्हणाल्या, दोन्ही यंत्रं एका वर्षात झेपणारी नव्हती आणि निशीने एक निवडलं, असं काहीसं. मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, धाक लिहा.

५ ऑगस्ट, शनिवार

कानात घातलं. अरे देवा. हे जग एवढं गलिच्छ वाजतं? फ्रिज कण्हतो. प्लास्टिकची पिशवी हलली की जसं कुणी तळतंय. निशी चावतो तेव्हा शेजारच्या खोलीतून कळतं. विमानं पुन्हा पहिल्यासारखी. सुधारणा सोडून दिलेली दिसते.

दुपारी बाकावर आले, सांगायला सुरुवात केली, तर कुणीतरी मागे किंचाळलं. मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. परत बोलले. परत किंचाळलं.

संजीवनीबाई शांतपणे म्हणाल्या, तुम्हीच.

मग एकेक कळलं. पलीकडच्या बाकावर पेपर वाचायला येणारे मलय आजोबा जूनमध्येच समोरच्या इमारतीखाली बसायला गेले. आणि दुसऱ्या मजल्यावरची ती उघडी खिडकी, बरोबर ह्या बाकाच्या डोक्यावर, ती आमच्याच स्वयंपाकघराची. सुलेखा दुपारी तिथेच असते. म्हणजे अकरा जूनपासून सगळं. प्रणिता, आमटी, बावीस जुलैचं ते खोडलेलंसुद्धा.

मला आधी का नाही सांगितलंत, म्हटलं. म्हणाल्या, रोज सांगितलं.

आमटीतली चिंच मागेच कमी झाली होती. मला वाटलं होतं, इथली चिंचच फिकी पडली.

आजपासून हळू. हे सगळं हळू सांगितलंय.

१५ ऑगस्ट, मंगळवार

मंगळागौर. हॉल भरलेला. नऊवाऱ्या, गजरे, एसी. यंत्र गर्दीवर लावून दिलं कादंबरीने. मी पुढे. पहिली ओळ उचलली, दर वर्षीसारखी.

आणि ऐकू आलं. कुणीतरी बेसूर म्हणत होतं. ओळीच्या शेवटी सूर घसरत खाली येत होता आणि वर पोचायला ओरडत होता. मी प्रणिताकडे डोळे वटारले. तिचे ओठ मिटलेले. पलीकडे बघितलं. सगळ्यांचे ओठ मिटलेले. मागून उचलायची त्यांची वेळ झालीच नव्हती. अजून माझीच ओळ चालू होती.

मी थांबले. ओळीच्या मध्ये. असं कधी झालं नव्हतं.

प्रणिताने तिथूनच उचललं. हातात कागद नव्हता. टाळी वाजवत पुढे आली आणि ती ओळ मी शिकवलीय तशीच, माझ्या जुन्या सुरात, नेऊन ठेवली. बायकांना वाटलं नवीन पद्धत आहे, अर्धी हिची, अर्धी तिची. टाळ्या दिल्या.

सगळ्या टाळ्या ऐकू आल्या. वेगवेगळ्या.

१६ ऑगस्ट, बुधवार

निकाल: महागड्या यंत्रात काही राम नाही. सदोष निघालं. सोळा वाटे, रिमोट, सगळं थोतांड. सगळ्यांचे आवाज ठीक देतं. प्रणिताचा तर जसाच्या तसा. माझा एकटीचा तेवढा खराब करतं. असलं कसलं मेलं यंत्र, जे मालकिणीलाच ओळखत नाही!

निशीला सांगितलं. तो म्हणाला, आई, यंत्र चांगलं आहे, म्हणूनच तर... आणि थांबला. माझ्या शेजारी बसला.

येत्या मंगळवारी एका नव्या सुनेकडे मंगळागौर आहे, इथेच पासिर रिसला. सुलेखाने विचारलं, आई, पुढे कोण उभं राहील? म्हटलं, प्रणिताला राहू दे. माझं यंत्र दुरुस्तीला टाकायचंय. ती म्हणाली, उद्याच देऊन येते मग.

म्हटलं, उद्या नको. मंगळवार होऊन जाऊ दे. ती पोरगी कुठे चुकते का, हे कुणीतरी ऐकायला हवं.